तेवीस वाकडे टाके

बाजार उठायला अर्धा तास उरला की टाकेबाई घराबाहेर पडत. त्याआधी जाण्यात अर्थ नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सकाळी दहाला जो भाजीवाला कोबीच्या गड्ड्याला हात लावू देत नाही, तोच दुपारी एकला, गाडा झाकून जेवायला जायच्या घाईत, स्वतःहून दोन गड्डे पुढे सरकवतो. पण तेव्हाही टाकेबाई लगेच घेत नसत. आधी रिकाम्या हाताने सगळ्या रांगा फिरून यायच्या, कुणाकडे काय उरलंय ते बघायचं, मार लागलेले टमाटे कुणी बाजूला काढून ठेवलेत ते हेरायचं, आणि मग परतीच्या फेरीत पिशवी उघडायची. घरून निघताना चार घास खाऊन निघायचं, कारण उपाशी माणूस डोळ्यांनी खरेदी करतो. पाव कालचा घ्यायचा, कारण आजचा घेतला तरी उद्या तो कालचाच होणार. डबाबंद वाटाणे पोचा पडलेले चालतात, फक्त पोचा डब्याच्या सांध्यावर नाही ना, एवढं बोट फिरवून बघायचं.

त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. इमारतीत लहानथोर सगळे त्यांना टाकेबाईच म्हणत. एका मोठ्या रुग्णालयाच्या कपडेखोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. खोली तळघरात. वर भिंतीला लागून एक जाळीची खिडकी, तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. चपला, बूट, टाच झिजलेले जोडे. इतकी वर्षं माणसांना पायांवरून ओळखायची सवय झाल्यामुळे पुढे बरेच दिवस त्या कुणाशी बोलताना आधी खाली बघत. लोकांना वाटे बाई लाजतात.

तिथे काम एकच, फाटलेलं धडकं करायचं. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, दोन्ही काठ आत आणून जोडायचे, विरलेला भाग कडेला टाकायचा, की तीच चादर आणखी दोन वर्षं माणसांना झोपवते. कपडेखोलीच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना एक नियम घालून दिला होता: जुना टाका काढल्याशिवाय नवा टाका मारायचा नाही. जुन्यावर नवा मारला की दोघांची ओढाताण होते आणि मरतं बिचारं कापड. काढायची रीतही ठरलेली. दर तिसरा टाका कात्रीच्या टोकाने कापायचा आणि उलट्या बाजूने दोरा ओढून घ्यायचा. कापडाला कळतसुद्धा नाही. हा नियम टाकेबाईंच्या बोटांत असा मुरला, की पुढे डोक्याला विचारायची गरजच उरली नाही. तिथेच तर सगळं चुकलं, पण ते नंतर.

आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला शिकवायचं होतं. त्याचं शिक्षण झालं, नोकरी झाली, लग्न झालं, तो दूरच्या शहरात स्थिरावला. टाकेबाईंचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. कुणी मुद्दाम ठेवलं नाही. चुलीवर दूध ठेवून दारात आलेल्या माणसाशी बोलत राहावं, तसं झालं. भाऊ दर रविवारी फोन करी. ताई, तो पंखा बदल. ताई, कढई नवी घे. ताई हं हं म्हणत आणि फोन ठेवून पंख्याला तेलाचे दोन थेंब देत. कढईची मूठ त्यांनी जुन्या लाटण्यातून कापून बसवली होती. छत्रीच्या दोन काड्या दुसऱ्या छत्रीतून आल्या होत्या. बादलीची चीर तापल्या सुरीने सांधलेली होती. घरात असं काहीच नव्हतं ज्याच्यावर त्यांचा हात फिरला नव्हता, आणि त्यामुळे दोन खोल्यांच्या त्या घरात त्यांना अगदीच परकं वाटत नसे. तरी संध्याकाळी दिवा लावला की दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी दिसायची, तिला काही इलाज नव्हता.

त्या रिकाम्या खुर्चीवर एक जाड गादी होती. कपडेखोलीतले आणि घरातले उसवलेले दोरे टाकेबाई कधी फेकत नसत. ते सगळे त्या गादीत जात. टाचणीच्या टोकाएवढा तुकडासुद्धा. एकतीस वर्षांचे पांढरे, हिरवे, करडे दोरे खच्चून भरलेली ती गादी दगडासारखी घट्ट झाली होती.

काटकसरीने राहणाऱ्या एकट्या माणसाची एक वेगळीच अडचण असते, आणि ती चारचौघांच्या घरात राहणाऱ्याला कधी कळत नाही. जे स्वस्त ते मोठं असतं, आणि जे मोठं ते एकट्याने संपत नाही. कोबीचा गड्डा काही एका माणसाच्या हिशेबाने वाढत नाही. डझनाने अंडी स्वस्त, पण शेवटची तीन पाण्यात तरंगायला लागतात. तेलाचा मोठा डबा परवडतो, पण तळाशी जाईपर्यंत वास धरतो. कोबी घेतला की टाकेबाई पाच दिवस कोबी खात. पहिल्या दिवशी परतून, दुसऱ्या दिवशी भातात, तिसऱ्या दिवशी रश्शात. चौथ्या दिवशी त्या ताटाकडे बघत आणि ताट त्यांच्याकडे.

चार वर्षांपूर्वी समोरच्या घरात पोस्टबाई राहायला आल्या आणि ही अडचण सुटली.

पोस्टबाई म्हणजे पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेल्या, गोल चेहऱ्याच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. पहिले काही महिने जिन्यात भेटलं की तुम्ही कशा, मी बरी, एवढंच. मग एक दिवस दुकानात दोघींचा हात एकाच वेळी साबणाच्या मोठ्या लादीवर पडला. लादी स्वस्त होती, पण एवढी मोठी की एकटीने घ्यायला लाज वाटावी. दोघींनी मिळून घेतली. मजल्यावर दोन दारांच्या मध्ये एक लाकडी बाक होता. त्यावर वर्तमानपत्र पसरून टाकेबाईंनी जाड दोरा ताणून लादी कापली, लोण्यासारखी, बरोबर मधोमध. अर्धी लादी महिनाभर खिडकीत वाळवा म्हणजे दुप्पट पुरेल, असं सांगितलं. पोस्टबाई दोन्ही तुकडे हातांत तोलून म्हणाल्या, की पोस्टाच्या काट्यावर ठेवले तरी फरक दिसणार नाही. त्या दिवशी तुम्हीचं तू झालं.

मग सगळंच अर्धं अर्धं व्हायला लागलं. अंडी सहा-सहा. पाव सात-सात काप. तेल बाटल्यांत. नियम एकच होता आणि तो पोस्टबाईंनी काढला होता: कापेल तिने मागून उचलायचं. कापायच्या नेहमी टाकेबाई, कारण पोस्टबाईंच्या हातून सुरी सरळ जात नसे. भोपळा कापायला घेतला तर एक फोड आणि एक डोंगर. त्यामुळे आधी उचलायच्या नेहमी पोस्टबाई. आणि अर्ध्यांत जरासा जरी उणाअधिकपणा असला, एखाद्या पानाचा, एखाद्या डागाचा, तर पोस्टबाई न चुकता उणा अर्धा उचलत. टाकेबाईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोललं असतं तर ते थांबलं असतं, असं त्यांना वाटे.

वाटणी झाली की पोस्टबाई आत येऊन गादीच्या खुर्चीवर बसत आणि दोघी चहा घेत. टाकेबाई त्यांना चिडवायला मास्तर म्हणत, कारण पोस्टबाईंच्या बोलण्यावरून वाटे की ते पोस्ट त्याच चालवत होत्या. आणि पोस्टबाई त्यांना नुसतं टाके म्हणत. चेष्टेचा एक विषय कायमचा होता, तो म्हणजे पोस्टबाईंची बाजाराची पिशवी. जाड तपकिरी कॅनव्हासची, मजबूत. पण एका बाजूचा बंद कधीतरी तुटून परत शिवलेला होता, तोही पार्सलं बांधायच्या निळ्या दोऱ्याने आणि दाभणाने. एक टाका इकडे, एक तिकडे, एक मोठा, एक नुसताच रुतून बसलेला, आणि दोन्ही टोकांना वाटाण्याएवढ्या गाठी.

“हे काय डोळे मिटून शिवलंय का गं, मास्तर?” टाकेबाई म्हणायच्या. किंवा, कोंबडी चालून गेली वाटतं यावरून. आण इकडे, पाच मिनिटांत करून देते.

पोस्टबाई हसायच्या. असू दे म्हणायच्या, ओझं उचलतंय ना. आणि पिशवी मांडीवर ओढून घ्यायच्या. चार वर्षांत हे शंभरदा तरी झालं असेल. टाकेबाईंना वाटे, बाईला स्वतःच्या हातचं काम दाखवायला लाज वाटते.

यंदा हिवाळ्याच्या शेवटी पोस्टबाई तापाने पडल्या. पाच दिवस टाकेबाईंनी त्यांना भाताची पेज दिली, औषधं आणली, दोघींचा बाजार केला. सामान जास्त म्हणून पोस्टबाईंचीच मोठी पिशवी दाराआडून उचलून नेली. पाचव्या दिवशी बटाटे भरून जिना चढताना त्या निळ्या दोऱ्याची एक गाठ सुटली आणि बंद थोडा ओघळला. बटाटे सांडले नाहीत. पण टाकेबाईंच्या हातांना जे वाटायचं ते वाटलंच.

दुपारभर त्या खिडकीशी बसल्या. दर तिसरा टाका कापला, उलट्या बाजूने दोरा ओढला. पिशवी धुऊन वाळवली, इस्त्री केली. बंदाला आतून पट्टी दिली आणि तपकिरी दोऱ्याने दुहेरी चौकट शिवली, मधे फुली. कपडेखोलीतल्या मोठ्या बाईंनीसुद्धा चष्मा वर करून बघितलं असतं, असं काम. बंद कुठे तुटला होता ते बोट फिरवूनही कळेना. संध्याकाळी त्यांनी ती पिशवी समोरच्या दाराच्या कडीला अडकवली आणि घरी येऊन चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं. पोस्टबाईंचा ताप सकाळीच उतरला होता. त्या बघतील, दार वाजवतील, टाके, हात आहेत की यंत्र, असं काहीतरी म्हणतील.

कुणी आलं नाही. आधण आटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. पोस्टबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. केस विंचरलेले नव्हते.

“दोरा कुठाय?”

टाकेबाई हसल्या. म्हणाल्या, की माझ्याकडचा वापरला, पक्का आहे, दहा वर्षं हलायचा नाही.

“जुना. निळा.”

“तो? अगं, त्याचे तुकडे झाले. गेला तो.”

पोस्टबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली. मग बोलल्या ते तसंच सावकाश, खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला एखादा नियम समजावून सांगावा तसं.

“शेवटच्या वर्षी ह्यांच्या हाताला कंप होता. तीस वर्षं बस चालवलेले हात. चहाचा कप धरवायचा नाही. पिशवीचा बंद तुटला, तर म्हणाले मी शिवतो. दाभणात दोरा ओवण्यात एक सकाळ गेली. मी देते ओवून म्हटलं तर रागावले. चार दिवस खिडकीत बसून शिवलं. तेवीस टाके होते. मी रोज बाजारात मोजायचे, बोटाने.”

टाकेबाईंना खाली बघावंसं वाटलं. त्यांनी बघितलं. पोस्टबाईंच्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, घाईत घातलेल्या.

“मला सांगायचंस ना, मास्तर. मी इतक्यांदा हसले त्याला.”

“म्हणून तर नाही सांगितलं. ते असताना आम्हीही हसायचो. तू हसलीस की वाटायचं, घरातलंच कुणीतरी हसतंय.”

एवढं बोलून त्या वळल्या. दार आपटलं नाही. नुसतं लागलं.

त्या आठवड्यात टाकेबाईंनी कोबी घेतला, बाकावर वर्तमानपत्र पसरून कापला, आणि दोन्ही अर्धे ठेवून दार वाजवलं. दार उघडलं नाही. संध्याकाळी दोन्ही अर्धे होते तसे होते, कापलेली बाजू करपल्यासारखी झाली होती. त्यांनी ते घरात आणले. पहिल्या दिवशी परतून, दुसऱ्या दिवशी भातात. उरलेलं आठव्या दिवशी फेकताना त्यांचे हात अडखळले. अन्न फेकणं त्यांना ठाऊक नव्हतं.

अंडी सहा घ्यायची तर सहाचा भाव वेगळा लागतो. तेलाची छोटी बाटली दिसायलाच गोजिरवाणी. टाकेबाई परत एकट्या माणसाचा बाजार करायला शिकत होत्या आणि जमत नव्हतं. कोबीवाला विचारी, तुमची जोडीदारीण कुठे गेली. त्या म्हणत, बरं नाही तिला. पहिल्या आठवड्यात ते खरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात कोबीवाला म्हणाला, बरं नाही कसं, रोज सकाळी नवाला येतात की. हातात ती पातळ प्लास्टिकची पिशवी असते, दोन कांद्यांनी फाटणारी.

टाकेबाई गाड्याच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. नवाला. सगळं ताजं, सगळं चढ्या भावाने. जी बाई पोस्टातली जुनी पाकिटं उलटी करून वापरायची, ती केवळ आपल्याशी गाठ पडू नये म्हणून सकाळचा भाव मोजत होती. शिव्या दिल्या असत्या तर एवढं लागलं नसतं. पोस्टबाईंना पेन्शन किती आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या डब्यात काय उरतं, हे टाकेबाईंइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच आपली वेळ बदलली. त्या बाजार उठून गेल्यावर जाऊ लागल्या, अडीचला, उन्हात. म्हणजे एकची वेळ मोकळी राहील. पण हे पोस्टबाईंना कळणार कसं? कोबीवाल्याकडे निरोप ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही. अडीचला बाजारात पाचोळा आणि पाणी मारणारी माणसं असत. चार दिवस त्या काहीबाही वेचून आणत राहिल्या, पाचव्या दिवशी गेल्याच नाहीत.

रविवारी भावाच्या फोनवर त्यांनी न राहवून सगळं सांगितलं. भाऊ मनाने चांगला, पण घाईचा. म्हणाला, “ताई, तिला एक छानशी नवी पिशवी घेऊन दे आणि विषय संपव.”

ताई हं म्हणाल्या. फोन ठेवला. समोरच्या खुर्चीकडे बघत बसल्या. गादीच्या मधोमध चार वर्षांच्या बसण्याने एक खळगा पडला होता. दगडासारख्या गादीलासुद्धा.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तो दोरा गेला, असं आपण त्या बाईला सांगितलं. पण आपण दोरा कधी टाकतो का?

कात्री घेऊन त्यांनी गादीची एक बाजू उसवली. हातांना सवयच होती, दर तिसरा टाका. पण आतले दोरे बाहेर यायला तयार नव्हते, वर्षानुवर्षांच्या वजनाने एकमेकांत गुंतून त्यांचा नमदा झाला होता. त्या दिवशी तुकडे खोवताना त्यांनी शिवणीच्या एका फटीतून बोटाने आत ढकलले होते, कोणत्या फटीतून ते आता आठवेना. त्यांनी जमिनीवर चादर अंथरली आणि मुठीएवढा गोळा घेऊन दोरा दोरा सोडवायला सुरुवात केली. पांढरे, रुग्णालयाचे. हिरवे, शस्त्रक्रियेच्या झग्यांचे. एक लाल, भावाच्या शाळेच्या सदऱ्याचा, जो त्यांना कालचाच वाटला. निळेही पुष्कळ निघाले, पण ते बारीक, परिचारिकांच्या गणवेशाचे. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला जाड, पिळाचा, चकाकणारा तुकडा हाताला लागला. एका टोकाला वाटाण्याएवढी गाठ. टाकेबाईंनी तो तळहातावर ठेवला. मुळातला वाक त्यात अजून होता. टाका जसा गेला होता तसा तो वळलेला होता, सरळ करायला जावं तर परत वाकत होता.

तिसऱ्या दिवसापर्यंत सात तुकडे मिळाले. झाले होते आठ, हे त्यांना पक्कं आठवत होतं. चौथा दिवसही त्यांनी आठव्यासाठी घालवला. खोलीभर दोरे झाले, चपलांना चिकटले, केसांत अडकले. आठवा मिळाला नाही.

सात तुकडे त्यांनी बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवले, क्रमाने, गाठीचा कडेला. आणि समोरचं दार वाजवलं. दार उघडलं. त्यांनी डबी पुढे केली.

पोस्टबाईंनी झाकण काढलं. बराच वेळ बघितलं. मग एक तुकडा बोटाने हलकेच दाबला.

टाकेबाई घाईने सांगू लागल्या. एक तुकडा नाही मिळाला, खूप शोधला. पण कॅनव्हासला दाभणाची भोकं अजून आहेत, आतल्या पट्टीखाली. टाके कसे होते ते मला तोंडपाठ आहे, चार वर्षं बघितलेत. तुकड्यांना आतून गाठी मारून त्याच भोकांतून...

“नको.”

“मी वाकडे मारीन गं. अगदी तसेच.”

पोस्टबाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण ते हसू झालं नाही.

“तुला नाही जमायचे, टाके. तुझे सरळच येतील.”

त्यांनी डबीचं झाकण लावलं. टाकेबाईंच्या केसांत अडकलेला एक पांढरा दोरा त्यांना दिसला. हात उचलून त्यांनी तो काढला, काय करावं न कळून तसाच चिमटीत धरला, आणि दार लावून घेतलं.

पुढचे चार दिवस काहीच झालं नाही. टाकेबाईंनी दोरे परत गादीत भरले. सोडवल्यामुळे ते आता फुगले होते, मावेनात. गादी मऊ झाली आणि खळगा नाहीसा झाला. शिवताना त्यांनी सहज म्हणून एक टाका वाकडा मारून बघितला. सुई आपोआप वळली आणि टाका ओळीत जाऊन बसला. दुसरा मारला, तोही. डोळे मिटून मारला, तरीही. पोस्टबाईंचं खरं होतं.

गुरुवारी त्या पुन्हा एक वाजता बाजारात गेल्या. कोबी घेतला नाही. चार कांदे, दोन गाजरं, कालचा अर्धा पाव, तोही दुकानदाराला विनवून कापून घेतलेला. जिना चढताना गुडघ्यांसाठी दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, मग वर आल्या.

बाकावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर कोबी, कापलेला. कापलेला म्हणणं जरा जास्तच झालं. सुरी वरून निघाली होती मधोमध, पण अर्ध्यात तिचं मन बदललं होतं, मग परत बदललं होतं, आणि शेवटी हाताने ओढून तोडल्यासारखा दिसत होता. एक भाग डोंगराएवढा, एक वाटीएवढा. समोरचं दार बंद. दाराच्या कडीला तपकिरी पिशवी अडकवलेली होती, टाकेबाईंच्या सरळ शिवणीची. बंदाच्या आतल्या बाजूला, पट्टीच्या कडेला, निळ्या दोऱ्याचे सात तुकडे कसेबसे टाचलेले होते. नव्या पांढऱ्या दोऱ्याने, एक इकडे, एक तिकडे. बस चालवणाऱ्या माणसाची शिवण ही नव्हती. तिकिटं विकणाऱ्या बाईची होती. बोट फिरवलं तर तुकडे मोजता येतील अशी.

टाकेबाईंनी बोट फिरवलं नाही.

त्या बाकासमोर उभ्या राहिल्या. कापेल तिने मागून उचलायचं. चार वर्षांत आधी उचलायची पाळी त्यांच्यावर कधीच आली नव्हती, आणि हे इतकं अवघड असतं याची त्यांना कल्पना नव्हती. मोठा उचलला तर पोस्टबाईंना वाटीएवढा राहील. लहान उचलला तर त्यांना कळेल, की इतकी वर्षं आपण काय करत होतो ते टाकेला ठाऊक होतं. हातातली पिशवी जड व्हायला लागली. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडून मिटलं.

त्यांनी लहान तुकडा उचलला, तुटक्या पानांसकट, वर्तमानपत्रावर सांडलेला चुराही तळहाताने गोळा करून. घरात येऊन दार लावलं, पण कडी घातली नाही. ओट्याशी उभ्या राहून ऐकत राहिल्या. चहाचं आधण ठेवायला हात गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. इतक्यात नको. आज तरी कुणी गादीवर बसायला येणार नव्हतं, आणि कदाचित पुढे बराच काळही.

दहा मिनिटं गेली असतील. समोरची कडी वाजली. दोन पावलं, वेगळ्या चपलांची नव्हे, एकाच जोडीची. वर्तमानपत्र कुरकुरलं. मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे पोस्टबाई बाकाजवळ उभ्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत होत्या. मग वर्तमानपत्राची घडी झाली, दार लागलं.

टाकेबाईंनी सुरी घेतली आणि कोबी चिरायला बसल्या. एक दिवस पुरेल एवढाच होता.